पाटावरची माती

माझा उजवा पाय प्लास्टरमध्ये होता आणि हे ऐकून प्रयोगशाळेतली मंडळी फोनवर पोट धरून हसली. हसणारच. जिनं उभं तारुण्य प्लास्टर विरघळवण्यात घातलं, ती गणपतीच्या आदल्या दिवशी बापाच्याच ओट्यावरून घसरली आणि सरकारी दवाखान्यातल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी जुन्या पद्धतीनं तिला गुडघ्यापर्यंत पांढरं लिंपून टाकलं. त्यामुळे यंदा पाचव्या दिवशी मी विसर्जनाला गेले नाही. गेले असते तर यातलं काहीच कळलं नसतं, आणि मी आजही मोठी शास्त्रज्ञ म्हणून मिरवत असते.

मी स्वयंपाकघरात स्टुलावर बसून सरबतासाठी लिंबं कापत होते, तेवढ्यात बेबीआत्या पाट घेऊन आली. बेबीआत्या म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, धाकटी बहीण. आई गेल्यापासून धरणोलीचं आमचं घर तीच सांभाळते.

"अण्णा कुठे राहिले?"

"तो कुठला येतोय आता. विसर्जन केंद्रावर ही गर्दी. मूर्ती टाकीत सोडली, पाट माझ्या हातात दिला नि मला पिटाळलंन."

आमच्याकडे गणपती बोळवून येताना पाट रिकामा आणत नाहीत. नदीवर विसर्जन व्हायचं तेव्हा काठची मूठभर माती पाटावर आणायची, तिच्यापुढे दिवा लावायचा आणि मग ती घराच्या कोपऱ्याकोपऱ्यांत टाकायची, ही रीत. नदीच्या जागी टाक्या आल्या तेव्हा लोकांचा पहिला प्रश्न हाच होता, की आता पाटावर काय आणायचं. तेव्हा मीच सुचवलं, की मूर्ती विरघळून तळाशी जो गाळ बसतो तोच द्या. तो म्हणजे खडूच, पण मूर्तीचे सगळे रंग त्यात कालवले गेले की चांगला मातकट दिसतो. लोकांनाही ते पटलं. देव गेला तरी त्यातलं मूठभर घरी परत आलं.

खडूवर लिंबू पिळलं की तो फसफसतो. दरवर्षी आल्यागेल्याला ही गंमत दाखवायची मला खोड आहे. एरवी मी केंद्रावर पाहुणी म्हणून जायची आणि पाहुण्यांपुरती नमुन्याची मूर्ती जिच्यात विरघळवायचे, त्या दर्शनी टाकीतला गाळ वाटीत घालून मला सन्मानानं दिला जायचा. यंदा प्रेक्षक फक्त आत्या. मी पाटावरच्या मातीवर अर्धं लिंबू पिळलं.

रस जिरला. बाकी काहीच झालं नाही.

मी दुसरं अर्धं पिळलं. लिंबात खोट नव्हती, जिभेवर घेऊन बघितलं. मग चिमूटभर माती बोटांत चोळली. खडू पिठासारखा लागतो. ही खरखरत होती, आणि तिला ओल्या काठाचा वास होता.

"आत्या, ही माती कुठली?"

"कुठली म्हणजे? नदीची." आत्या वातीला तेल लावत होती. "अण्णा मागच्या दारातनं टोपल्या आणतो भरून. म्हणतो, देवाच्या पाटावर खडू काय ठेवायचा, शाळा आहे काय? मला नि दोघातिघांनाच माहीत आहे हो. तुला वाईट वाटेल म्हणून सांगितलं नाही त्यानं."

"मग टाकीतला खडू कुठे जातो?"

"ते मला काय ठाऊक? रसायनातली तू."

तिचा चेहरा निर्मळ होता. माझ्या मनात मात्र एकच गोष्ट घोळत होती. टोपल्या भरून आणलेली माती वाटावी लागते, याचा अर्थ वाटायला खडू नाही. आणि खडू नाही, तर मूर्ती विरघळत नाहीत.

*

इथं थोडं रसायनशास्त्र सांगायला हवं. कंटाळू नका, लग्नाच्या गोष्टीपेक्षा ते अवघड नाही.

जिप्सम हा दगड भाजला की त्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि उरतं ते प्लास्टर. त्यात पुन्हा पाणी कालवलं, की ते आपलं गेलेलं पाणी अधाशासारखं परत घेतं आणि घटकाभरात दगड होऊन बसतं. शास्त्रात त्याला कॅल्शियम सल्फेट म्हणतात. कॅल्शियम आणि सल्फेट यांचा संसार इतका चिवट, की मूर्ती नदीत टाका नाहीतर समुद्रात, दोघं महिनोन् महिने एकमेकांना सोडत नाहीत. म्हणून तर पूर्वी विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सोंड तुटलेले, हात झडलेले गणपती पडलेले असायचे.

हा संसार मोडायचा तर दोघांनाही दुसरं स्थळ दाखवावं लागतं. बेकरीत बिस्किटं फुगवायला जे अमोनियम बायकार्बोनेट वापरतात, ते पाण्यात घातलं की कॅल्शियम त्यातल्या कार्बोनेटशी जुळतं आणि खडू होऊन तळाशी बसतं. सल्फेट अमोनियमशी जुळतं आणि पाण्यातच राहतं. ते पाणी शेताला खत म्हणून चालतं. ही युक्ती जुनीच, माझी नव्हे. तिची अडचण एवढीच, की तयार झालेला खडू मूर्तीच्याच अंगावर थर धरतो आणि आतल्या प्लास्टरला झाकून टाकतो. मग मोठी मूर्ती विरघळायला दिवसच्या दिवस लागतात.

मी शोधला तो मध्यस्थ. खेकड्यासारख्या दोन नांग्यांचा एक रेणू. तो प्लास्टरमधलं कॅल्शियम उचलतो, मूर्तीपासून दूर नेऊन कार्बोनेटच्या पदरात घालतो आणि नांग्या मोकळ्या करून पुढच्या खेपेला परत येतो. थर धरायला खडू मूर्तीजवळ राहतच नाही. दोन फुटी गणपती अर्ध्या तासात विरघळतो. आमच्या धरणोलीत याला कुणी शास्त्रीय नावानं ओळखत नाही. सगळे "तेजूचं पाणी" म्हणतात. तेजू म्हणजे मी, तेजश्री.

त्या वेळी प्लास्टरच्या मूर्तींवर पूर्ण बंदी होती आणि आमच्या गावात घरटी एक कारखाना. साच्यांवर कोळ्यांनी जाळी विणली होती. माझ्या पाण्यानंतर राज्याच्या समितीनं बंदी उठवली, पण एका अटीवर. गावागावांत विसर्जन केंद्रं निघावीत आणि प्रत्येक मूर्ती तिथंच विरघळावी. समितीपुढं साक्ष मी दिली होती. "मूर्ती विरघळतात, याची जबाबदारी माझी," हे माझे शब्द. धरणोलीचं केंद्र मूर्तिकारांच्या मंडळाकडे आलं आणि मंडळाचे अध्यक्ष झाले अण्णा. तेव्हा मला धन्य वाटलं होतं.

अण्णांनी माझ्याकडे दोन गोष्टी मागितल्या होत्या. पहिली, टाकीला झाकण. "मूर्ती उतरताना लोकांनी बघावी, पण विरघळताना बघू नये गो. देवाचा चेहरा जाताना कुणी बघत नाही." मला ते पटलं. मूर्ती सगळ्यांदेखत पाण्यात उतरायची, घंटा व्हायची आणि झाकण बंद व्हायचं.

दुसरी गोष्ट पावसासाठी होती. "वाटेत रंग ओघळतो, बाय. बाप्पा रडल्यासारखा दिसतो. कायतरी कर." एखाद्या बापानं लेकीकडे इतकं गोड काही मागितलं नसेल. मी एका हिवाळ्यात त्यांना एक आवरण करून दिलं. काचेसारखं पारदर्शक, अळवाच्या पानासारखं. पाणी त्यावर टिकतच नाही, थेंब होऊन घरंगळतं. विसर्जनाआधी केंद्रावर ते थिनरच्या बोळ्यानं पुसून काढायचं, ही सूचना मी मोठ्या अक्षरांत छापून घेतली होती.

पुसून काढलं नाही तर माझं एक रसायन माझ्याच दुसऱ्या रसायनाला मूर्तीजवळ फिरकू देणार नाही, हे मला कळत होतं. कुणी मुद्दाम पुसणार नाही, हे मात्र माझ्या डोक्यात कधी आलं नाही.

*

कुबडी घेऊन मी रिक्षानं केंद्रावर गेले. पुढच्या बाजूला नेहमीसारखीच आरती, गुलाल, रांग. मी कुंपणाच्या कडेनं मागे वळले.

मागच्या शेडच्या दारात उभं राहिल्यावर आधी जाणवलं ते हे, की वास नव्हता. इतक्या मूर्ती विरघळत असत्या तर अमोनियाचा थोडातरी दर्प यायलाच हवा. इथं ताज्या रंगाचा वास होता.

टाकीच्या मागच्या तोंडातून एक पट्टा बाहेर येत होता आणि त्यावरून गणपती येत होते. अख्खे. अंगावर पाण्याचे टपोरे थेंब, आणि दोन बायका मऊ फडक्यानं ते टिपून मूर्ती फळ्यांवर ओळीनं ठेवत होत्या. तिसऱ्या फळीवर आमचा गणपती होता. सकाळी मी एका पायावर उभी राहून ज्याची उत्तरपूजा केली, ज्याच्या हातावर दही ठेवलं, तो. सोंडेवरचं गंध तेवढं धुतलं गेलं होतं.

मला संताप यायला हवा होता. आधी आली ती लाज, जणू मीच कुणाच्या घरात चोरून डोकावले होते.

अण्णा पाठमोरे उभे होते. कुबडीचा आवाज ऐकून ते वळले. म्हणाले, "पाय घेऊन कशाला आलीस? बस. मंदा, हिला खुर्ची दे."

"या मूर्तींचं काय करता, अण्णा?"

"बसून बोल."

"काय करता?"

"घासतात, रंगवतात, पुढल्या वर्षी जातात. लांब जातात. नागपूर, इंदूर, हैदराबाद. इथं कोण ओळखणार?" त्यांनी हे भाताचं वाण सांगावं तसं सांगितलं. "लोकांचा भाव जातो का कुठे? त्यांनी बोळवला, देव गेला. मागं राहिलं ते प्लास्टर. तूच म्हणतेस ना, प्लास्टर म्हणजे नुसता दगड?"

"मी समितीला शब्द दिलाय."

"तू शब्द दिलास. डोळे काढायला आम्ही बसतो."

मूर्तीचे डोळे रंगवणं, ज्याला आमच्याकडे आखणी म्हणतात, हे मूर्तिकाराचं खरं काम. साचा कुणीही भरतो. आखणीला अण्णांहून सरस हात पंचक्रोशीत एकच होता. तो माझ्या आईचा, शालनचा. इतरांचे गणपती समोर बघतात. आईचे किंचित खाली बघायचे, पाटापाशी बसलेल्या लहान मुलाकडे बघावं तसे.

"पहिल्या चाचणीला तू एक मूर्ती टाकीत सोडलीस," अण्णा म्हणाले. "झाकण नव्हतं तेव्हा. मी बघत होतो. आधी पापण्या गेल्या, मग बुबुळं. समुद्रात देव जातो गो. तुझ्या पाण्यात तो मरतो. त्याच दिवशी ठरवलं, शालनचा हात मी त्यात जाऊ देणार नाही."

केंद्राच्या उद्घाटनाला पहिली मूर्ती आईच्या हातची होती, तिच्या शेवटच्या आखणीची. "पहिला मान तिचा," असं अण्णाच म्हणाले होते. आवरण पुसलंय असं सांगून त्यांनी ती माझ्या हातात दिली, मी स्वतः पाण्यात उतरवली आणि झाकण लावलं. घरी येऊन मी रडत बसले, तर अण्णा माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले होते, "गेली ती चांगल्या हातांनी गेली." त्या वेळी ती मूर्ती इथं, या शेडमध्ये, सुकत होती.

"ती आहे?" मी विचारलं.

"आहे तर. चल."

शेडच्या कोपऱ्यात काचेचं कपाट होतं. अण्णांनी धोतराच्या सोग्यानं काच पुसली. मी खरं सांगते, त्या क्षणी माझा राग निम्मा विरघळला होता. म्हाताऱ्यानं बायकोच्या हातची एक वस्तू जपली, त्यापायी सगळं हळूहळू बिघडत गेलं, असं मी मनाशी जुळवतही आणलं होतं. लेकीला बापाची बाजू घ्यायला निमित्त लागत नाही.

मूर्ती तीच होती. डाव्या कानाची पाळी आईनं थोडी दुमडली होती, ती ओळखू आली. पण गणपती समोर बघत होता.

"डोळे आईचे नाहीत."

"वरनं हात फिरवलाय. रंग उडाला होता."

"कसा उडेल? यावर माझं आवरण होतं."

मी फळीवरची थिनरची बाटली आणि कापसाचा बोळा घेतला. त्यांनी माझं मनगट धरलं, फार घट्ट नाही. मी ते सोडवून घेतलं.

मला आशा होती, की वरचा रंग निघेल आणि खाली ते खाली बघणारे डोळे असतील. पण हात चालत असतानाच डोक्यातली रसायनवाली मला सांगत होती, की तसं होणार नाही. अळवाच्या पानावर पाणी धरत नाही आणि माझ्या आवरणावर रंग धरत नाही. ते तसंच बनवलं होतं मी. त्यावर नवे डोळे काढायचे तर आधी खालपर्यंत घासावं लागतं.

बोळा काळा झाला. खाली पांढरं प्लास्टर निघालं, आणि त्यावर पॉलिशपेपरचे बारीक आडवे ओरखडे. दोन्ही डोळ्यांच्या जागी, सारखेच.

मंदानं हातातलं फडकं खाली ठेवलं.

"हीसुद्धा विकलीत," मी म्हणाले.

अण्णा कपाटाच्या काचेकडे वळले. "दुसऱ्या वर्षी माल कमी पडला," ते म्हणाले. "इंदूरची मागणी होती. तीच एक त्या मापाची राहिली होती. त्या गिऱ्हाइकाला विसर्जन न करता मूर्ती परत पाठवायला लावली मी, हात जोडून. परत आली तेव्हापासून इथंच आहे."

"घासली कुणी?"

त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर आपोआप घासला जात होता.

*

शेडच्या अंगणात निळं पिंप होतं आणि माझ्या पाण्याचे डबे सील न फोडलेले, धूळ खात, भिंतीला लावलेले होते. समितीकडून दरवर्षी येत होते, आणि त्यातले दर्शनी टाकीपुरते तेवढेच उघडले जात होते. मी मंदाला डबे फोडून पिंप भरायला सांगितलं. तिनं अण्णांकडे बघितलं, मग माझ्या पायाकडे, आणि बादली उचलली.

मी मूर्तीवरचं आवरण पूर्ण पुसून काढलं, छापील सूचनेत होतं तसंच.

"तेजू," अण्णा हळूच म्हणाले, "तू आज हे बोललीस तर उद्या बंदी येईल. नुसता मी नाही, सगळा गाव बसेल. साडेतीनशे कारखाने. मंदासुद्धा."

"ते तुम्ही झाकण मागितलंत तेव्हा ठाऊक नव्हतं?"

"तू बापावर सोडणार काय हे?"

"मी बापावरच सोडलं होतं."

मी मूर्ती पिंपात उतरवली. अण्णांनी पत्र्याचं झाकण उचललं आणि पुढे आले. मी कुबडी आडवी धरली.

"झाकण नको."

शेडमधली माणसं ब्रश ठेवून बाहेर आली. आधी पाणी दुधासारखं ढवळलं गेलं, मग मुकुटाची कड मऊ झाली. सोंड गळून पडली नाही, बारीक होत होत गेली. दुमडलेली पाळी बराच वेळ टिकली. अण्णांनी डोळे मिटून घेतले होते. शेवटी शेवटी ते उघडले आणि त्यांनी बघितलं.

पाणी निवळल्यावर मी तळातला गाळ ओंजळीत घेतला, शेडमधल्या एका पाटावर ठेवला आणि पिशवीतून आणलेलं लिंबू त्यावर पिळलं. तो फसफसला. छोटासा, चुरचुर आवाज. अंगणात इतकी शांतता होती, की सगळ्यांना तो ऐकू आला. पाच वर्षं ज्याच्या जिवावर मी भाषणं ठोकली, तो आवाज धरणोलीत पुजलेल्या मूर्तीतून पहिल्यांदाच होत होता.

नुसता खडू घरोघर दिला असता तर मी कधीच ओळखलं नसतं. बाजारात तो पोत्यानं मिळतो. पण पाटावर खोटी माती ठेवायला अण्णांचा हात धजला नाही. देवाशी ते एवढ्यापुरते प्रामाणिक राहिले. माझ्याशी तेवढेही नाहीत, हे मला सगळ्यात जास्त झोंबलं.

"अर्ध्या तासात गेली गो तुझी आई," अण्णा म्हणाले.

"ती आज नाही गेली, अण्णा. ती दुसऱ्या वर्षीच गेली, पॉलिशपेपरनं."

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मग खाली, पाटाकडे. आईचे गणपती बघायचे तसे. तरीही मी फोन काढला आणि समितीच्या सचिवांचा नंबर लावला. त्यांनी लगेच उचलला. मागे कुठेतरी ढोल वाजत होते.

"बोला, मॅडम," ते आनंदानं म्हणाले. "यंदा तुमच्याकडचं विसर्जन कसं झालं?"

"झालंच नाही," मी म्हणाले. "पहिल्या वर्षापासून सांगते, लिहून घ्या."